तेल मुरेपर्यंत

"बाई, तुम्ही बाजूला व्हा. ट्रॅक्टर आणतो, साखळी बांधतो अन् पंप उपटूनच काढतो," माणिकराव म्हणाले.

मी बाजूला झाले नाही. पाना हातात तसाच धरून म्हणाले, "उपटला तर वरची टाकी तेवढी तुमच्या साखळीला येईल. खालचे बारा पाइप बोअरात जातील. मग हा बोअर कायमचा गेला म्हणून समजा."

माणिकराव सरपंचाचे भाऊ. बाईमाणसानं तोंडावर असं सांगायची त्यांना सवय नव्हती. ते काही बोलणार एवढ्यात गर्दीतून माझी बहीण कांता पुढं आली. सासरचं गाव, समोर एवढे पुरुष, तरी पदर सारखा करून ती म्हणाली, "माझ्या अक्कानं हात लावलेला पंप सुटतोच. पण तिला वेळ द्यावा लागतो."

"किती वेळ?" मागून कुणीतरी विचारलं.

कांतानं माझ्याकडं बघितलं.

"उद्या सकाळपर्यंत," मी म्हणाले.

याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा मी आणि सईदा शेख, आम्ही दोघी तालुक्यातले हातपंप दुरुस्त करत फिरायचो. बायकांना हे काम शिकवायची एक योजना आली होती, त्यात शिकलेल्या. पाने, हातोडी, क्लॅम्प, दोर असं सगळं दोन पोत्यांत बांधून एसटीच्या टपावर टाकायचं आणि जिथून बोलावणं येईल तिथं उतरायचं. हिवरतळ हे कांताचं सासर. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, पण तिच्या गावात कामाला मी पहिल्यांदाच आले होते.

आई गेली तेव्हा कांता सहा वर्षांची होती आणि मी चौदा. तिची वेणी घालण्यापासून तिला नांदायला पाठवण्यापर्यंत सगळं मीच केलं. मला मात्र नवऱ्यानं टाकलं होतं. त्यावरून कांताला सासरी ऐकून घ्यावं लागायचं. बहीण टाकलेली, अन् वर पुरुषांची कामं करत गावोगाव हिंडती. हे ती मला कधी सांगायची नाही, पण मला कळायचं. मी येणार म्हटल्यावर तिनं आठ दिवस आधीपासून गल्लीत सांगून ठेवलं होतं, की माझी अक्का येणार आहे, आता बघाच.

पंपाचं दुखणं तसं साधं होतं. हँडल हलत होतं, पाणी येत नव्हतं. खाली सिलिंडरमधले वॉशर झिजले की असं होतं. ते बदलायचे म्हणजे सगळे पाइप एकेक करून वर ओढायचे. अडचण पहिल्याच जोडावर आली. वरची टाकी आणि पहिला पाइप यांचा जोड गंजून एकजीव झाला होता. सहा वर्षांत तो कुणी उघडलाच नव्हता.

अशा जोडासाठी आमच्याकडं एक तेल असायचं. पाण्याहून पातळ, लांब चोचीच्या डब्यात. तारेच्या ब्रशनं वरचा गंज खरवडायचा, जोडाच्या फटीत थेंब थेंब तेल सोडायचं आणि हातोडीनं चहूकडून हलकं हलकं वाजवायचं. वाजवलं की तेल आट्यांमध्ये उतरतं. मग थांबायचं. पुन्हा तेल, पुन्हा वाजवणं, पुन्हा थांबणं. शिकवणारे सर सांगायचे, यात ताकदीचं काम नाही, तेल मुरू द्या.

मी थांबत होते त्याला आणखी एक कारण होतं. वर्षभरापूर्वी एका वाडीत असाच जोड अडला होता. संध्याकाळी तो जरासा हलला. मला हुरूप आला. पान्याला लोखंडी नळी लावून आम्ही दोघींनी जोर दिला आणि पाइप आट्यांपाशीच मोडला. त्या झटक्यानं खालचे पाइप धरून ठेवणारा क्लॅम्पही सुटला. एवढं लोखंड बोअरात घसरत गेलं, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. वाडीतल्या बायका कडेला घागरी घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या. घागरी उचलून निघून गेल्या.

त्यामुळं हिवरतळला मी कुणाचं ऐकणार नव्हते. एप्रिल संपत आला होता. टँकर चार दिवस फिरकला नव्हता. माणसं चिडलेली होती आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. पण हा पंप माझ्या हातानं मोडला असता तर कांताला त्या गावात मान वर करून चालता आलं नसतं.

दिवसभरात पाच वेळा तेल सोडलं. ऊन उतरल्यावर मी आणि सईदानं पाना लावून बघितला. आधी जरा आवळायचा, मग सोडायचा, अशी रीत आहे. आवळताना काही झालं नाही. सोडताना बारीक कर्र असा आवाज आला. सूतभर हलला असेल.

"सुटायला लागला," सईदा म्हणाली. "अजून दोन झटके देऊ. आत्ता सुटंल. बत्ती लावून रात्रीत पाइप काढू, सकाळी पाणी."

"नको."

"प्रयागबाई, हलला की तो."

"तिकडं पण असाच हलला होता."

सईदानं पाना खाली ठेवला. दिवस मावळायला अजून अर्धा तास होता. मी पुन्हा तेल सोडलं, तेलात भिजवलेली चिंधी जोडाला गुंडाळली आणि पाने पोत्यात भरले. जमलेल्यांपैकी एकजण हसत म्हणाला, "तेल लावून लावून पैलवान करा त्याला."

सईदा त्या गावातल्या तिच्या मावसबहिणीकडं मुक्कामाला गेली. मी कांताच्या घरी गेले. तिचा नवरा दिगंबर गवंडी होता. शेजारच्या गावात काम चालू होतं, दोन दिवस तो तिकडंच राहिला होता. घरात कांता आणि तिची सासू सोजरबाई, दोघीच.

"मोरीत बादली भरून ठेवलीय. आंघोळ करून घे," कांता म्हणाली.

"एवढं पाणी कशाला? हातपाय धुते."

"सकाळपासून धुळीत अन् तेलात बसलीस. अवतार बघ तुझा. पाणी आहे घरात, मुकाट्यानं जा."

सोजरबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांनी एकदा कांताकडं बघितलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

मी ठरवलं होतं की पाच-सहा तांबे घ्यायचे आणि थांबायचं. पण दिवसभराच्या उन्हानंतर अंगावर पाणी पडलं आणि राहवलं नाही. बादली संपवली.

जेवताना कांता माझ्याजवळ सरकून बसली होती. लहानपणी बसायची तशी, गुडघा माझ्या मांडीला टेकवून.

"अक्का, मला शिकवशील का गं हे काम?"

"सातवी झालेली लागती."

"झालीय की माझी."

"मग शीक. पण सासूबाईंना विचार आधी."

कांतानं चुलीकडं बघितलं. "आत्याबाई, जाऊ का शिकायला?"

सोजरबाईंनी राखेतून वांगं काढलं आणि त्यावरची साल सोलत त्या म्हणाल्या, "उद्या तुझी बहीण पंप चालू करून दाखवू दे. मग बोलू."

कांता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हो म्हणाल्या." आणि तोंडाला पदर लावून हसली. सोजरबाईंनी ऐकलं. त्या पण जराशा हसल्या, पण आम्हाला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड वळवलं.

सकाळी मी पोतं उचलून निघाले तेव्हा कांता दोन घागरी आणि चुंबळ घेऊन दारात उभी होती.

"कुठं निघालीस?"

"विहिरीवर. येते लगेच."

"थांब, मी येते. एक घागर मला दे."

"तू कशाला? तुझं काम बघ तू. तेल मुरलं आसंल आता." तिनं माझ्या खांद्यावरचं पोतं सारखं केलं. "आज सुटंल ना गं?"

"सुटंल."

"मी येईपर्यंत थांबशील? मला बघायचंय सुटताना."

"किती वेळ लागंल तुला?"

"ही काय विहीर, ओढ्याच्या पलीकडं."

मी थांबते म्हणाले. विहिरीचं पाणी पार तळाला गेलंय आणि ते भरायला बायकांना ढासळलेल्या दगडांवरून आत उतरावं लागतं, हे तिनं मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

पंपावर माणसं जमली होती. माणिकराव आदल्या दिवशीच्याच जागेवर हाताची घडी घालून उभे होते. मी चिंधी सोडली, आणखी थोडं तेल सोडलं, वाजवलं. आता कांताची वाट बघायची म्हणून सईदाशी काहीबाही बोलत राहिले. बराच वेळ झाला तरी ती आली नाही. माणिकराव म्हणाले, "बाई, आज तरी हात लावणार का? आठ वाजले."

मी पाना लावला. सईदा दुसऱ्या बाजूनं धरायला येत होती. तिचा हात पोचायच्या आधीच जोड फिरला. एका हातानं. डब्याचं झाकण फिरावं तसा.

लोकांमध्ये आवाज झाला. कुणी तरी टाळी वाजवली. माणिकरावांनी घडी सोडली आणि म्हणाले, "शाब्बास." मी रस्त्याकडं बघितलं, कांता दिसते का म्हणून. रस्त्यावरून एक बाई पळत येत होती. डोक्यावर पदर नव्हता, पायात चप्पल नव्हती. ती पंपापाशी थांबली आणि माझ्याकडंच बघायला लागली.

"दिगंबरची बायको पडली," ती म्हणाली. "विहिरीत."

मी पोचले तेव्हा तिला वर काढलेलं होतं. बाजेवर ठेवलं होतं. चार हात पाणी असतं तर ती वाचली असती. पाणी गुडघ्याएवढंच होतं आणि खाली दगड होते. तिच्या मागं होती ती बाई नंतर मला सांगत होती. कांता भरलेली घागर घेऊन वर चढत होती. वरून उतरणाऱ्या बाईला जागा द्यावी म्हणून एका अंगाला झाली आणि पायाखालचा दगड निसटला. ओरडली पण नाही म्हणे. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिला हाका मारल्या. केस ओले होते आणि त्यांत रक्त होतं. पण चेहऱ्याला काहीच झालं नव्हतं.

किती वाजता पडली, हे मी त्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "आठ वाजले असतील."

पोलीस पाटील आले. विहिरीत पडून मेलेलं माणूस तालुक्याच्या दवाखान्यात न्यावंच लागतं, त्याशिवाय मातीची परवानगी नाही, असं त्यांनी सांगितलं. दिगंबरला कुणीतरी सायकलवर जाऊन घेऊन आलं. अंगावर सिमेंट तसंच होतं. तो बाजेच्या पायाशी बसला आणि तिच्या पायावरचा चिखल बोटानं काढायला लागला. एक जीप मिळाली. तिला आत ठेवलं. दिगंबर बसला, पाटील बसले. मी पाय वर टाकला तेवढ्यात मागून कुणीतरी माझा दंड धरला.

सोजरबाई होत्या.

"तू जाऊ नको," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता या मला बोलणार. बोलाव्यात असंच मला वाटत होतं. मी खाली उतरले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. जीप निघून गेली.

"चार-पाचपर्यंत घरी आणतील तिला," सोजरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "घरात पाणी नाही गं. काल तुला आंघोळीला दिलं, तेवढंच होतं. विहिरीचं ते पाणी मला नको. तिला आंघोळ कशानं घालू?"

मी पंपाच्या दिशेनं बघितलं.

"पंप होईल का तोवर?"

त्यांनी अजून माझा दंड सोडला नव्हता. मी कशीबशी म्हणाले, "होईल, मावशी."

पंपापाशी सईदा एकटीच बसली होती. मला येताना बघून उभी राहिली. "तू बस. मी करते," ती म्हणाली.

"एकटीला जमत नाही ते."

"माणसं घेते हाताशी."

"सईदा, पाना दे."

तिनं दिला.

टाकी काढली. पाइप ओढायला दोरावर आठ माणसं लागतात. माणिकराव सगळ्यांच्या पुढं येऊन उभे राहिले आणि दोर धरला. मी सांगेन तेव्हा ओढायचे, सांगेन तेव्हा थांबायचे. एक पाइप वर आला की क्लॅम्प आवळायचा, जोड सोडायचा, पाइप बाजूला ठेवायचा. पहिले चार नीट निघाले. पाचवा जोड अडला.

आठही माणसं माझ्याकडं बघत होती. एकजण हळूच म्हणाला, "जोर लावू का?"

मी तेल सोडलं. वाजवलं.

"थांबायचं?" सईदानं विचारलं.

"थांबायचं."

आम्ही थांबलो. वरून ऊन पडत होतं. गावात कुठंतरी बायकांचा रडण्याचा आवाज येत होता. त्या पाइपाभोवती आम्ही दहा माणसं उभी होतो. मी जोडाकडं बघत होते. काल मी जशी थांबले होते, तशीच आताही थांबले होते. मला दुसरं काही येतच नव्हतं. अर्ध्या तासानं पाना लावला आणि तो सुटला.

नववाही अडला. तिथंही थांबलो.

वॉशर बदलले. सगळे पाइप परत आत सोडले, जोडांच्या आट्यांना ग्रीस लावून एकेक आवळला. टाकी बसवली, हँडल बसवलं. तीन वाजून गेले होते. मी हँडल मारायला सुरुवात केली. चाळीस-पन्नास वेळा मारल्यावर पाणी आलं. तांबडं होतं, गंजाचं. माणिकराव पुढं आले. "बाई, मी मारतो. तुम्ही थकलात."

"नको."

मी मारत राहिले. तांबडं पाणी फिकं झालं, मग पिवळसर झालं. तेवढ्या पाण्यानं आंघोळ घालता आली असती, पण मला तिच्यासाठी स्वच्छ पाणी पाहिजे होतं. मारत राहिले. पाणी निवळलं तेव्हा सईदानं सोजरबाईंच्या घरच्या दोन घागरी आणून खाली लावल्या. गाव चार दिवस टँकरवाचून होतं. पंपाच्या भोवती रिकाम्या घागरींची रांग लागलेली होती. त्या दोन घागरी भरून उचलेपर्यंत कुणी आपली घागर पुढं केली नाही.

साडेचारला जीप आली.

तिला अंगणात पाटावर घेतलं. बायकांनी साड्यांचा आडोसा धरला. सवाष्ण गेलेली, म्हणून हळद, कुंकू, हिरवी साडी, बांगड्या सगळं एका ताटात मांडलेलं होतं. सोजरबाईंनी मला बोलावलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. "पहिलं पाणी तू घाल."

माझे हात कोपरापर्यंत काळे होते. मी राखेनं घासले होते, मातीनं घासले होते, तरी नखांत तेल तसंच होतं आणि त्याचा वास येत होता. मी म्हणाले, "मावशी, तुम्ही घाला. माझ्या हाताला तेल आहे."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात कांताच्या केसांवर नेऊन ठेवला.

"असू दे," त्या म्हणाल्या.

मी तिचे केस धुतले. मग तिची वेणी घातली.

त्यानंतर मी सतरा वर्षं हेच काम केलं. सईदा शेवटपर्यंत माझ्यासोबत होती. हिवरतळचं नाव आम्ही दोघींनी कधी काढलं नाही. फक्त एकदा, फार वर्षांनी, एसटीची वाट बघत फाट्यावर बसलो होतो, तेव्हा मी तिला विचारलं, "सईदा, त्या संध्याकाळी दोन झटके दिले असते तर सुटला असता का गं?"

"मोडला असता," सईदा म्हणाली.

माझं बोलणं संपायच्या आधीच म्हणाली. आणि मग एसटी दिसत नसतानाही उठली आणि पोतं खांद्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी तिला पुन्हा कधी विचारलं नाही.